हातपाय गळणं, मुतखडे आणि कोरडं तोंड: शोग्रेनमुळे होणारा किडनीचा आजार कसा ओळखायचा

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या, विड्या वळणाऱ्या ३४ वर्षांच्या एका बाईंचे गेल्या दीड वर्षात दोनदा सकाळी उठताना हातपाय हलेनासे झाले. दोन्ही वेळा पोटॅशियम २ च्या आसपास निघालं आणि सलाईनमधून पोटॅशियम दिल्यावर दोन दिवसांत त्या चालू लागल्या. दोन्ही किडन्यांत खडे आहेत, एकदा लेझरने काढून झालेत. आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आल्यामुळे आमवाताच्या गोळ्या चालू आहेत. क्रिएटिनिन १.१. वजन ४५ किलो. आता एका डॉक्टरांनी कागदावर ‘आरटीए? शोग्रेन?’ एवढंच लिहून दिलंय. त्यांचे दीर विचारतात: हा आजार ओळखतात कसा, कुठल्या तपासण्या खरंच लागतात, आणि वहिनींना पुढे डायलिसिस लागेल का?

तुम्ही दिलेल्या माहितीतच निदानाचा बराचसा भाग आहे. तो फक्त वेगवेगळ्या फायलींत पडलाय: पोटॅशियम फिजिशियनच्या फाईलमध्ये, खडे युरॉलॉजिस्टच्या, आरए फॅक्टर हाडांच्या डॉक्टरांच्या. बहुधा दातांची एक चौथी फाईलही घरात असेल. हे कागद एका टेबलावर आले की मोजकेच आजार शिल्लक राहतात, आणि त्यात सगळ्यात वर येतो तो डिस्टल रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिस, म्हणजेच आरटीए: किडनीच्या नळ्यांना आम्ल लघवीत टाकणं न जमणं. तरुण किंवा मध्यमवयीन बाईत तो नव्याने दिसला तर त्यामागे शोग्रेन सिंड्रोम आहे का, हे पाहावंच लागतं. आधी करायच्या तपासण्या स्वस्त आहेत. महागड्या नंतर येतात, आणि बऱ्याचदा उगाच आधी केल्या जातात.

शरीरात रोज वजनाच्या दर किलोमागे साधारण १ मिलीइक्विव्हॅलंट आम्ल तयार होतं. ते लघवीत ढकलण्याचं काम किडनीतल्या नळ्यांच्या शेवटच्या भागातल्या इंटरकॅलेटेड पेशी करतात. शोग्रेनमध्ये शरीराच्याच लिम्फोसाइट पेशी लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर हल्ला करतात. तशाच त्या किडनीच्या नळ्यांभोवतीही जमतात. अशा काही रुग्णांच्या बायोप्सीत इंटरकॅलेटेड पेशींमधला आम्ल ढकलणारा पंपच नाहीसा झालेला दिसतो. मग आम्ल रक्तात साठतं, ते शमवणारं बायकार्बोनेट घटतं, त्याची जागा क्लोराइड घेतं आणि पोटॅशियम लघवीवाटे वाहून जातं. साठलेलं आम्ल शोषण्यासाठी हाडं झिजतात, त्यांतलं कॅल्शियम लघवीत उतरतं. खडा होऊ न देणारं सायट्रेट मात्र किडनी परत ओढून घेते. अल्कधर्मी लघवी, जास्त कॅल्शियम, कमी सायट्रेट: कॅल्शियम फॉस्फेटचे खडे व्हायला आणखी काही लागत नाही. म्हणजे स्नायूंचा, खड्यांचा आणि हाडांचा त्रास एकाच बिघाडातून येतो. रक्त गाळणाऱ्या गाळण्या मात्र बराच काळ शाबूत राहतात. म्हणूनच क्रिएटिनिन बघून ‘किडनी ठीक आहे’ असं सांगितलं जातं.

आता कागद काढा. दोन्ही वेळच्या ॲडमिशनचे लॅबचे मूळ रिपोर्ट हवेत. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. ‘सीरम इलेक्ट्रोलाइट्स’मध्ये सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड असे तीन आकडे असतात. पोटॅशियम ठळक छापलेलं असतं आणि वाचणाऱ्याची नजर तिथेच थांबते. खरं बोलतो तो तिसरा आकडा. क्लोराइड साधारण ९८ ते १०७ असतं. हातपाय गळालेल्या माणसाचं क्लोराइड ११२ च्या वर असेल तर उलट्या, लघवी जास्त करणाऱ्या गोळ्या, गिटेलमन सिंड्रोम (लघवीतून पोटॅशियम गळणारा एक आनुवंशिक आजार) ही कारणं जवळजवळ बाद होतात, कारण त्यांत क्लोराइड कमी आणि बायकार्बोनेट जास्त असतं. थायरॉइडमुळे किंवा आनुवंशिक कारणाने अधूनमधून येणाऱ्या लुळेपणात ही दोन्ही साधारण जागच्या जागी असतात.

बायकार्बोनेट या नेहमीच्या रिपोर्टात बहुधा नसतं, ते मागून घ्यावं लागतं. त्यासाठी बहुधा आयसीयूत करतात ती ब्लड गॅस तपासणी लागते. नुसतं आम्ल आणि बायकार्बोनेट पाहायचं असेल तर शिरेतल्या रक्तावरही भागतं. श्वास कमजोर वाटत असेल तर मात्र धमनीतलंच रक्त घ्यावं. समजा आकडे असे आले: सोडियम १३८, पोटॅशियम २.१, क्लोराइड ११४, बायकार्बोनेट १४. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा केलं की उरतात १०. याला ॲनायन गॅप म्हणतात आणि ८ ते १२ हा नेहमीचा आवाका आहे. गॅप न वाढता बायकार्बोनेट खाली गेलं असेल तर त्याच्या मुख्य वाटा दोन: आतड्यातून, म्हणजे जुलाबातून, किंवा किडनीतून.

इथे लघवीचा साधा रूटीन रिपोर्ट कामाला येतो. त्यात वरच्याच ओळींत पीएच असतो. हे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. रक्तात आम्ल वाढलं की निरोगी किडनी लघवीचा पीएच ५.५ च्या खाली आणते. रक्तात बायकार्बोनेट १४ असताना लघवीचा पीएच ६.५ किंवा ७ राहिला तर नळ्यांचं काम बिघडलंय असं समजायचं. दोन्ही नमुने एकाच वेळचे हवेत. ॲडमिशनच्या दिवशीचं रक्त आणि डिस्चार्जच्या दिवशीची लघवी यांची जोडी लावण्यात काही अर्थ नाही.

या एका आकड्यात चुकायच्या जागा बऱ्याच आहेत. लघवी उघडी पडून राहिली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच वाढतो, म्हणून अर्ध्या ते एका तासात तपासावी. प्रोटियससारख्या जंतूंचा संसर्ग असेल तर लघवी अल्कधर्मीच दिसते, तेव्हा कल्चर बघावं. सगळ्यात जास्त फसवतं ते जळजळीवरचं सिरप. खडेवाल्या बहुतेक रुग्णांच्या घरी डायसोडियम हायड्रोजन सायट्रेटची बाटली असतेच, आणि ते पिऊन दिलेल्या लघवीचा पीएच ७ आला तर त्यावरून काहीच ठरत नाही. डॉक्टरांना विचारून ते दोन-तीन दिवस बंद ठेवावं. पोटॅशियम क्लोराइड मात्र बंद करू नये. आणि लघवीत सोडियम २० ते २५ पेक्षा कमी असेल, म्हणजे अंगातलं पाणी-मीठ खूप घटलेलं असेल, तर नळीला आम्ल ढकलायला सोडियमच पुरत नाही. तेव्हाचा पीएच धरू नये.

जुलाबांनी पोटॅशियम फार खाली गेलं तर किडनी अमोनिया जास्त बनवते, त्यानेही पीएच ६ च्या वर जाऊ शकतो. तिथे जुलाब की आरटीए हे पीएचवरून कळत नाही. मग लघवीतलं सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड एकाच नमुन्यात मोजायचं. सोडियम आणि पोटॅशियमच्या बेरजेतून क्लोराइड वजा करायचं. सोडियम ६०, पोटॅशियम ४५, क्लोराइड ७० असेल तर उत्तर येतं अधिक ३५, म्हणजे लघवीत अमोनियम जात नाहीये, दोष किडनीत. सोडियम ३०, पोटॅशियम २५, क्लोराइड ९५ असेल तर उणे ४०: किडनी आपलं काम चोख करतेय, गळती आतड्यात आहे. जुलाबाची औषधं वर्षानुवर्षं घेणारे रुग्ण ती गोष्ट सांगत नाहीत, पण ही वजाबाकी सांगते. लघवीतलं क्लोराइड सगळ्याच लॅब मोजत नाहीत, फोन करून विचारूनच नमुना द्या. त्याच नमुन्यात क्रिएटिनिनही मोजून घ्यावं. रक्तातलं पोटॅशियम कमी असताना दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे १३ मिलीइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त पोटॅशियम लघवीतून जात असेल तर गळती किडनीतूनच आहे.

पोटॅशियमचा आकडाही डोळे झाकून धरू नका. रक्त काढताना पेशी फुटल्या की पोटॅशियम खोटं वाढतं, आणि खरं २.१ असलेलं ३ दिसू शकतं. उलट भर उन्हाळ्यात तालुक्याच्या गावाहून बिनबर्फाचा नमुना सोलापूरला यायला काही तास लागले तर उष्णतेने पेशी पोटॅशियम आत ओढतात आणि आकडा किंचित कमी येतो. एप्रिल-मेमध्ये धडधाकट माणसाचं ३.३ आलं तर आधी नमुना परत द्या. २ मात्र उन्हामुळे येत नाही.

बायकार्बोनेट नॉर्मल, पण खडे आणि अल्कधर्मी लघवी कायम, असा अर्धवट आरटीएही असतो. तो पकडायला वजनाच्या दर किलोमागे ०.१ ग्रॅम अमोनियम क्लोराइड देऊन ६ ते ८ तास लघवीचा पीएच पाहतात. तो ५.३ च्या खाली उतरला नाही तर निदान नक्की. अमोनियम क्लोराइड पोटाला सोसत नाही, म्हणून हल्ली फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन १ मिलिग्रॅम एकत्र देऊनही ही चाचणी करतात. तुमच्या वहिनींचं बायकार्बोनेट आधीच कमी असेल तर यातलं काहीच लागणार नाही. रक्तात आम्ल असताना आणखी आम्ल पाजणं किंवा पोटॅशियम कमी असताना ते आणखी उतरवणारं औषध देणं धोक्याचं आहे.

सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘मेड्युलरी नेफ्रोकॅल्सिनोसिस’ हे शब्द शोधा. कधीकधी किडनीच्या आतल्या भागात पसरलेलं कॅल्शियम ‘दोन्ही बाजूंना अनेक बारीक खडे’ असं लिहिलं जातं. पोटाचा साधा एक्स-रे किंवा बिनडायचा सीटी स्कॅन पाहिला की फरक कळतो. काढलेला खडा जपून ठेवला असेल तर त्याचं पृथक्करण करून घ्या. आपल्याकडे मुतखडा म्हटलं की बोअरचं पाणी आणि ऊन यांच्यावर खापर फुटतं. उन्हाचा दोष खराही आहे, लघवी घट्ट झाली की खडे होतातच. पण ते बहुधा ऑक्झलेटचे असतात. तरुण बाईच्या दोन्ही किडन्यांत, पुन्हा पुन्हा, आणि फॉस्फेटचे खडे झाले तर पाण्याला दोष देऊन थांबू नये.

आता शोग्रेन. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. बायकांमध्ये तो पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त, साधारण ९ ला १. ‘तोंड कोरडं पडतं का?’ असं विचारलं तर मे महिन्यात अख्खं सोलापूर ‘हो’ म्हणेल, म्हणून प्रश्न नेमके हवेत. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा घास पाण्याचा घोट न घेता उतरतो का? रात्री तोंड ओलं करायला उठावं लागतं का? कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं का? सकाळी पापण्या चिकटतात का, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं का? कानाखाली गालाला सूज येऊन गालगुंड म्हणून औषध झालंय का? रात्री लघवीला किती वेळा उठतात तेही विचारा. पोटॅशियम बरेच दिवस कमी राहिलं की किडनी लघवी घट्ट करू शकत नाही, मग तहान आणि लघवी दोन्ही वाढतात, आणि साखर तपासून ‘मधुमेह नाही’ एवढंच उत्तर मिळतं.

दात बघा. लाळ कमी झाली की कीड हिरडीलगत, दाताच्या मुळाशी लागते आणि थोड्या वर्षांत एकामागोमाग एक दात तुटतात. विडी कामगार बाईचे दात खराब असले की मिश्रीला आणि तंबाखूला दोष देऊन विषय संपतो. डोळ्यांच्या चुरचुरीचंही तसंच, तंबाखूच्या धुरळ्यावर ढकललं जातं. धुरळ्याने डोळ्यांत पाणी येतं. इथे कांदा चिरतानाही येत नाही. दुसऱ्या बाजूने, ॲमिट्रिप्टिलिन, सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, लघवी आवरण्याच्या गोळ्या यांनीही तोंड कोरडं पडतं, ती यादी आधी तपासावी. आणि कोरडेपणाची तक्रारच नाही म्हणून शोग्रेन सोडूही नये. किडनीचा बिघाड तोंड-डोळ्यांच्या काही वर्षं आधी दिसू शकतो.

लाळ मोजायला यंत्र लागत नाही. सकाळी, काही खाल्ल्या-प्यायल्यावर किंवा मिश्री लावल्यावर निदान एक तास जाऊ द्यायचा. मग १५ मिनिटं तोंड न हलवता, काही न चघळता जमेल ती लाळ भांड्यात सोडायची. सिरिंजने मोजून १.५ मिली किंवा त्याहून कमी भरली तर ती कमी आहे. डोळ्यांचे डॉक्टर शिर्मर पट्टी लावतात. ५ मिनिटांत ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर अश्रू कमी. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत या दोन्हींना प्रत्येकी १ गुण आहे, डोळ्याच्या रंगचाचणीला १, रक्तातल्या अँटी-आरओ (रिपोर्टात Anti-Ro किंवा SSA) प्रतिपिंडाला ३ आणि ओठाच्या बायोप्सीला ३. एकूण ४ झाले की शोग्रेनमध्ये वर्गीकरण होतं.

रक्ताच्या तपासण्यांत पैसे वाया जातात ते एएनए नावाच्या तपासणीवर. ती निगेटिव्ह आली की ‘ऑटोइम्यून काही नाही’, म्हणजे शरीर स्वतःवर उलटलेलं नाही, असं ठरवतात. अँटी-आरओ असूनही एएनए निगेटिव्ह येऊ शकतं. संशय पक्का असेल तर ‘ईएनए प्रोफाइल’ किंवा थेट अँटी-आरओ मागा. आरए फॅक्टर शोग्रेनच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत पॉझिटिव्ह येतो, त्यावरून आमवात ठरत नाही. त्यासाठी अँटी-सीसीपी पाहा. दोन स्वस्त खुणा जुन्या रिपोर्टांतच सापडतील. एक, एकूण प्रोटीन जास्त आणि ग्लोब्युलिन अल्ब्युमिनपेक्षा जास्त. दुसरी, सूज दाखवणाऱ्या दोन तपासण्यांपैकी ईएसआर ८०-१०० पण सीआरपी नॉर्मल. दोन्ही वाढलेल्या प्रतिपिंडांमुळे होतात. टीएसएच आणि यकृताच्या तपासण्याही करून घ्याव्यात, कारण थायरॉइडचा आणि पित्तनलिकांचा ऑटोइम्यून आजार याच्या सोबतीने येतो. ल्युपस या दुसऱ्या ऑटोइम्यून आजारातही आरटीए होऊ शकतो.

ओठाची बायोप्सी ऐकायला भीतीदायक, प्रत्यक्षात किरकोळ. खालच्या ओठाच्या आतून, भूल देऊन, चार-सहा बारीक लाळग्रंथी काढतात. अँटी-आरओ पॉझिटिव्ह असेल आणि लाळ किंवा अश्रू कमी असतील तर ती बहुधा टाळता येते. प्रतिपिंड निगेटिव्ह असेल तेव्हा मात्र हाच मुख्य आधार. पॅथॉलॉजिस्टला ‘फोकस स्कोअर द्या’ (लिम्फोसाइटचे पुंजके मोजून सांगा) असं लेखी कळवायला हवं. ‘क्रॉनिक सियालॅडेनायटिस’ (लाळग्रंथींची जुनी सूज) एवढ्या शेऱ्याने काही ठरत नाही.

पुन्हा हातपाय गळाले तर काय, हे घरच्यांनी आणि जवळच्या डॉक्टरांनी आधीच ठरवून ठेवावं. अशा रुग्णाला जीबीएस (गुलियन-बॅरे सिंड्रोम, नसांवरच्या हल्ल्याने येणारा लुळेपणा) समजून महागडी इम्युनोग्लोब्युलिन सुरू होण्याचा धोका असतो, कारण दोन्हींत पाय आधी जातात आणि गुडघ्यावर हातोडी मारल्यावर येणारा झटका मंदावतो. जीबीएस ठरवण्याआधी पोटॅशियमचा आकडा हातात हवा, आणि तो येईपर्यंत ईसीजी. चपटी टी लाट आणि तिच्यामागे यू लाट दिसली की उत्तर मिळालं. मान उशीवरून उचलता येत नसेल, एका दमात २० पर्यंत मोजता येत नसेल, गिळताना ठसका लागत असेल तर सरळ आयसीयू असलेल्या दवाखान्यात न्या.

तिथे तीन चुका जिवावर बेततात. पहिली, पोटॅशियम ग्लुकोजच्या सलाईनमधून देणं. ग्लुकोजने इन्सुलिन सुटतं, ते पोटॅशियम पेशींत ढकलतं आणि आकडा आणखी उतरतो. द्यायचं ते नॉर्मल सलाईनमधून. १५ टक्के पोटॅशियम क्लोराइडच्या १० मिली ॲम्प्यूलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट असतात. ५०० मिलीच्या बाटलीत एक ॲम्प्यूल, नीट हलवून, दोन तासांत, म्हणजे तासाला १०. हातातल्या शिरेतून यापुढे सहसा जात नाहीत. त्याहून वेगाने द्यायचं तर मॉनिटर आणि मोठ्या शिरेतली नळी हवी. शिरेत थेट टोचायचं नाही, कधीच नाही. दर २ ते ४ तासांनी पोटॅशियम, आणि एकदा मॅग्नेशियम. ते कमी असेल तर पोटॅशियम टिकत नाही.

दुसरी चूक म्हणजे बायकार्बोनेट १२ दिसलं की लगेच सोडाबायकार्ब लावणं. आम्ल कमी झालं की पोटॅशियम पेशींत शिरतं. २ चं १.५ झालं की श्वासाचे स्नायू थांबू शकतात. आधी पोटॅशियम ३ च्या जवळ आणावं, मग अल्कली, म्हणजे आम्ल मारणारं औषध. तिसरी चूक श्वासाकडे दुर्लक्ष. बायकार्बोनेट १४ असताना शरीराने जोरात श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड साधारण २९ वर आणायला हवा. (बायकार्बोनेटची दीडपट अधिक ८, दोन इकडेतिकडे.) रिपोर्टात तो ४० असेल तर ‘नॉर्मल आहे’ म्हणून सोडू नका. स्नायू थकलेत आणि व्हेंटिलेटरची तयारी हवी, असा त्याचा अर्थ.

एरवी अधूनमधून येणाऱ्या लुळेपणात पोटॅशियम नुसतं पेशींत लपलेलं असतं आणि भरपूर दिलं तर नंतर उसळून धोका होतो. आरटीएत ते खरोखर अंगातून गेलेलं असतं. तूट शेकडो मिलीइक्विव्हॅलंटची असते आणि भरायला दिवस लागतात. शहाळं, केळी चांगली आहेत, पण एवढी तूट त्यांनी भरत नाही.

तुमच्या वहिनींना दुसऱ्यांदा झटका का आला, याचं कारण बहुधा इथेच आहे. पोटॅशियम क्लोराइडने पोटॅशियम भरतं, आम्ल तसंच राहतं, आणि आठवड्याभराचं सिरप संपलं की गळती पुन्हा सुरू. कायमच्या इलाजाला पोटॅशियम सायट्रेट लागतं. ते पोटॅशियमही देतं, अल्कलीही देतं आणि लघवीतलं सायट्रेटही वाढवतं. मोठ्या माणसाला रोज दर किलोमागे १ ते २ मिलीइक्विव्हॅलंट अल्कली पुरते. ४५ किलोला ती झाली ४५ ते ९०. ५ मिलीत ११०० मिलिग्रॅम पोटॅशियम सायट्रेट असलेल्या सिरपमध्ये साधारण १० असतात, म्हणजे दिवसाला अंदाजे २५ ते ४५ मिली, तीन-चार भागांत, जेवणानंतर, पेलाभर पाण्यात मिसळून. नेमका डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा, कारण क्रिएटिनिन वाढलेलं असेल किंवा ब्लडप्रेशरची टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर हेच सिरप पोटॅशियम धोकादायक वाढवू शकतं. दुकानदार पोटॅशियमऐवजी डायसोडियमचं सिरप ‘तेच आहे’ म्हणून देतात. ते तेच नाही, बाटलीवरचा मजकूर वाचा.

बायकार्बोनेट २२ च्या वर आणि पोटॅशियम ३.५ ते ४.५ हे लक्ष्य. लघवीचा पीएच इलाजाचं माप म्हणून पाहू नये, तो वरच राहणार. सुरुवातीला दर एक-दोन आठवड्यांनी, आकडे स्थिरावले की दर तीन महिन्यांनी रक्त तपासावं. हाडं दुखत असतील, चालताना हेलकावे येत असतील तर अल्कलाइन फॉस्फेटेज आणि फॉस्फेट पाहावं. पण अल्कली सुरू न करता ६०,००० युनिटची व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम नुसतं चालू ठेवलं तर किडनीत कॅल्शियम आणखी साठतं.

आमवाताच्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांना दाखवा. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या यापुढे नकोत. आमवाताच्या गोळ्यांत स्टेरॉइड असेल तर मात्र मनाने एकदम बंद करू नका.

डायलिसिसबद्दल. १.१ क्रिएटिनिन लॅबच्या आवाक्यात बसतं, पण ३४ वर्षांच्या बाईला त्यावरून किडनीची गाळण क्षमता मिनिटाला ६७ मिलीच्या आसपास निघते. म्हणजे थोडं नुकसान झालेलं आहे. आरटीए एकट्याने किडनी क्वचित घालवतो. नळ्यांभोवतीची सूज आणि साठलेलं कॅल्शियम वर्षानुवर्षं चालू राहिलं तर घालवू शकतं. क्रिएटिनिन चढत असेल, चोवीस तासांतलं प्रोटीन १ ग्रॅमच्या वर असेल किंवा लघवीत लाल पेशी असतील तर किडनीची बायोप्सी करावी. नळ्यांभोवती सक्रिय सूज दिसली तर प्रेडनिसोलोन आणि त्याला जोडून दुसरं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध देतात. नुसत्या आरटीएसाठी ते सगळ्यांना लागत नाही. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सांधेदुखीला उपयोगी आहे, किलोमागे रोज ५ मिलिग्रॅमच्या आत आणि डोळ्यांचा पडदा तपासून, पण त्याने आरटीए बरा होत नाही. लघवी फेसाळ किंवा लालसर झाली, पायावर सूज आली, रक्तदाब वाढला, क्रिएटिनिन आठवड्यात दुप्पट झालं तर तो आरटीए नव्हे. ल्युपस किंवा रक्तवाहिन्यांच्या सुजेने गाळण्यांवर झालेला हल्ला असू शकतो, आणि तिथे दिवस महत्त्वाचे असतात. गालाची गाठ महिनोन्‌महिने न उतरता घट्ट राहिली तर लिम्फोमासाठी, म्हणजे लिम्फोसाइट पेशींच्या कॅन्सरसाठी, तपासावी.

वहिनींना अजून मूल हवं असेल तर अँटी-आरओचा रिपोर्ट स्त्रीरोगतज्ज्ञांना आधीच दाखवा. हा प्रतिपिंड वारेतून बाळाकडे जातो आणि अशा १०० गर्भारपणांत साधारण १-२ बाळांच्या हृदयाचा ठोका मंदावणारा कायमचा बिघाड होतो. म्हणून १८ ते २६ आठवड्यांत बाळाच्या हृदयाचे ठोके वरचेवर तपासतात, आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन त्या काळात सहसा चालू ठेवतात. शोग्रेनमधला आरटीए मुलांना थेट वारशाने येत नाही. पण घरात मामाच्या मुलीशी वगैरे नात्यातली लग्नं झालेली असतील आणि एखाद्या मुलाची उंची खुंटलेली, पाय वाकलेले किंवा ऐकू कमी येत असेल, तर आरटीएचा जन्मजात प्रकारही असतो. त्या मुलाचं बायकार्बोनेट, लघवीचा पीएच आणि कान, तिन्ही तपासून घ्या.